गाळून घेतलेला साक्षीदार

जीवरसायनशास्त्राचा तास बहुधा जेवणानंतर असायचा. उन्हाळ्यात पंखे बंद पडलेले, खिडकीतून गरम वारा, आणि समोर पेंगणारी मुलं. अमिनो आम्लांचा धडा आला की मी पुस्तक मिटून एक गोष्ट सांगायचो. एक लहान मुलगी होती, तिला दूध मोजून द्यावं लागायचं. आई शपथेवर सांगायची, जास्त थेंब दिला नाही. पण आमच्या यंत्रानं मुलीच्या रक्तात ल्युसीन दुप्पट दाखवलं आणि आई पकडली गेली. मूल आजीच्या ताब्यात दिलं, आकडा खाली आला. शेवटी मी म्हणायचो, "आईची माया आंधळी असते, यंत्राला माया नसते." मुलं हसायची, जागी व्हायची. गोष्ट चांगली होती. माझे विद्यार्थी ती घेऊन गावोगाव गेले.

ती गोष्ट खोटी आहे. त्या बाईनं काहीही चोरून पाजलं नव्हतं. चूक माझ्या हातून झाली होती, आणि गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हाही मला ते ठाऊक होतं.

आता वय झालं आहे. जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. अंबाजोगाईच्या परिसरातल्या ज्या छोट्या संस्थेत हे घडलं तिचं नाव घेत नाही, कारण दोष संस्थेचा नव्हता.

कॉलेजातून निवृत्त होण्याच्या आधीची काही वर्षं मी त्या संस्थेची प्रयोगशाळाही सांभाळत होतो. तिथं एक द्रव वर्णलेखनाचं यंत्र होतं. आम्ही सगळे त्याला नुसतं 'मशीन' म्हणायचो. ते मिळवायला मी फार खटपट केली होती. "बीड जिल्ह्यात प्यायला पाणी नाही, आणि सरांना रक्तातली अमिनो आम्लं मोजायचीत," असं लोक माझ्या तोंडावर म्हणत. मशीन आलं तेव्हा मी नारळ फोडला. त्यानंतर जो कोणी भेटायला येई त्याला मशीनपाशी नेऊन दाखवल्याशिवाय मी सोडत नसे.

काम सोपं नव्हतं, पण समजायला सोपं आहे. उपाशीपोटी रक्त घ्यायचं, लगेच बर्फात ठेवायचं. आमच्याकडे बर्फ गोळेवाल्याकडून यायचा. मग नळी यंत्रात गरगर फिरवली की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर फिकट पिवळा प्लाझ्मा राहतो. त्यात आम्ल घातलं की दूध नासल्यासारखी प्रथिनं खाली बसतात. वरच्या निवळीत सुटी अमिनो आम्लं असतात. त्यांना चमक येईल असं एक रसायन लावायचं आणि ती निवळी बारीक भुकटी ठासून भरलेल्या पोलादी नळीतून दाबानं ढकलायची. प्रत्येक अमिनो आम्ल आपापल्या चालीनं त्या नळीतून बाहेर पडतं. कोणी लवकर सुटतं, कोणी भुकटीला धरून रेंगाळतं. बाहेर पडताना पडद्यावर एकेक टोक उमटतं. टोक जितकं मोठं तितकं ते अमिनो आम्ल जास्त.

पण या सगळ्या उठाठेवीत थोडं सांडतं, थोडं चिकटून राहतं. किती गेलं हे कसं कळणार? त्यासाठी अगदी सुरुवातीलाच, रक्ताच्या त्या पिवळ्या पाण्यात, आपण एक ठरावीक माप टाकतो अशा अमिनो आम्लाचं जे माणसाच्या अंगात नसतंच. नॉरव्हॅलीन त्याचं नाव. आम्ही त्याला साक्षीदार म्हणायचो. टाकताना जेवढा होता त्यातला निम्माच शेवटी दिसला, तर समजायचं की बाकीच्यांचाही निम्मा भाग वाटेत गेला, आणि सगळे आकडे दुप्पट करून घ्यायचे. सगळा निवाडा या साक्षीदाराच्या शब्दावर.

ती मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा दोन-अडीच वर्षांची असेल. धर्मापुरीच्या अलीकडच्या एका वस्तीवरचं धनगराचं घर. सोबत आई, आजी आणि आजोबा. बाप मेंढरांमागे लांब गेलेला. मुलगी अधूनमधून पेंगायची, चालताना झोकांड्या खायची, ताप आला की दोन दिवस डोळे उघडायची नाही, आणि अशा वेळी तिच्या लंगोटाला काकवीचा वास यायचा. घरच्यांना त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. मेंढरं ऊस तुटलेल्या रानात बसवायला नेत, पोरंसोरं ऊस चघळत, अंगाला काकवीचा वास येणारच. संस्थेच्या दवाखान्यातल्या बालरोगाच्या डॉक्टरबाईंना मात्र तो वास पुस्तकात वाचलेला आठवला. त्यांनी रक्त माझ्याकडे पाठवलं. ल्युसीन आणि त्याची दोन भावंडं खूप वर गेलेली होती. प्रथिनातले हे तीन घटक तिच्या शरीराला नीट मोडता येत नव्हते. दूध, डाळ, शेंगदाणे, मटण, ज्यात ते आहेत ते सगळं मोजून द्यायचं. अगदी बंदही करायचं नाही, कारण वाढीलाही तेच लागतात. बाकीची भूक भात, बटाटा, साबुदाणा आणि एका खास भुकटीवर.

ज्या घराच्या दारात शेळ्या-मेंढ्या बांधलेल्या, त्या घरात दूध औषधासारखं मोजायचं. डॉक्टरबाईंनी स्टीलची एक छोटी वाटी दिली आणि तिच्यावर खूण करून दिली. इथपर्यंत, सकाळी आणि संध्याकाळी, बस्स.

डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट विचारली. नात्यातलं लग्न आहे का? आजी म्हणाली, "सख्ख्या भावाची लेक हाय माझ्या. बाहेरची कावून आणावी?" म्हणजे सासू ही त्या मुलीच्या आईची खरीच आत्या, आणि ती तिला आत्याच म्हणायची. डॉक्टरबाईंनी सांगितलं की असा आजार दोन्हीकडच्या रक्तातून येतो. आजी त्यावर काही बोलली नाही. पुढं जे झालं ते त्या न बोलण्यातूनही झालं असावं, असं मला आता वाटतं. स्वतःच्या माहेरचं रक्त स्वतः घरात आणलं, हे कोणाला पचेल?

दर एक-दोन महिन्यांनी ते रक्त द्यायला येत. मला प्रेक्षक मिळाल्याचा आनंद. मी त्यांना पडद्यासमोर बसवून टोकं दाखवायचो. मुलीची आई चौकस होती. "ह्यातलं माझ्या लेकीचं कंचं?" असं विचारायची. मी ल्युसीनचं टोक दाखवायचो. आणि त्याच्या थोडं आधीचं ते काय? मी म्हणालो, तो आमचा साक्षीदार, आम्ही बाहेरून आणून उभा केलेला.

आजोबा ठसक्यात म्हणाले, "आन् फुटत न्हाई का? आमच्या बांधाच्या भांडणात तालुक्याला आणलेला साक्षीदार एका चहावर फुटला. मी निस्ती बिडी दिलती, समोरच्यानं चहा पाजला."

"आमचा चहा पीत नाही," मी म्हणालो.

सगळे हसलो. आई सगळ्यांत जास्त हसली. पुढच्या खेपेला आली की दारातूनच विचारायची, "सायेब, साक्षीदार बरा हाय न्हवं?"

तिच्या हातात आकडे चांगले होते. डॉक्टरबाई तिचं कौतुक करायच्या. शेळीला पिणाऱ्या करडाशेजारी बसून मुलगी दूध पाहत राहायची, आईला ते बघणं सोपं नव्हतं, पण ती वाटी खुणेच्या वर कधी गेली नाही.

मग तो उन्हाळा आला. धरण आटलं, गावोगाव टँकर सुरू झाले. टँकरचं पाणी गढूळ यायचं. आमच्याकडं हंड्याच्या तोंडाला धोतराची जुनी चौपदरी घडी बांधून पाणी गाळायचं, तळाशी निवळू द्यायचं आणि वापरायचं. मी त्याच पाण्यावर वाढलो. गढूळ आहे म्हणून ओतून दिलं, असं आमच्या घरात कधी झालं नाही. आई म्हणायची, गाळलं की गंगा.

विजेचं तर विचारूच नका. एकदा वीज गेली ती बराच काळ आलीच नाही. प्रयोगशाळेतला फ्रीज खोलीइतका तापला. वीज आल्यावर मी साक्षीदाराची बाटली काढली. द्रावण नेहमी पाण्यासारखं स्वच्छ असायचं. त्या दिवशी उजेडात धरलं तर आत अगदी पुसट धूर दिसला. नवं द्रावण करायला नॉरव्हॅलीनची भुकटी शिल्लक नव्हती. ती पुण्याहून मागवायची, यायला किती वेळ लागेल याचा नेम नाही. आणि मुलगी रक्त देऊन बाहेर बसलेली, उपाशी.

मी सिरिंजच्या तोंडाला बारीक गाळणी लावली आणि द्रावण गाळून घेतलं. काचेसारखं स्वच्छ झालं. मला बरं वाटलं. मुंबईत शिकलेल्या माणसानं ती बाटली मोरीत ओतली असती. मी बीडचा होतो, मी गाळलं.

गाळून गढूळपणा जातो. पण तो गढूळपणा म्हणजे जंतू होते, आणि त्या जंतूंनी वीज नसलेल्या दिवसांत नॉरव्हॅलीनच खाल्लं होतं. जे खाल्लं गेलं ते गाळणीतून परत थोडंच येणार? बाटलीवर लिहिलेलं माप होतं तेवढंच होतं, आत मात्र साक्षीदार निम्मा उरला होता.

अशा वेळी करायचे दोन उपाय मला पाठ होते. एक, आधीच माप माहीत असलेलं अमिनो आम्लांचं मिश्रण त्याच दिवशी त्याच साक्षीदारासह चालवायचं. दोन, निरोगी माणसाचा प्लाझ्मा चालवून पाहायचा. त्यासाठी माझंच रक्त असायचं. पण निवळी नळीतून ढकलायला लागणारं मिथेनॉलही संपत आलेलं. मी दोन्ही टाळलं आणि वीज जाण्याआधीच्या मोजणीवरच हिशेब केला. साक्षीदाराचं टोक खुजं आलं. मला वाटलं, नमुन्यातलं बरंच काही सांडलं असेल, साक्षीदार असतोच त्यासाठी. सगळे आकडे वर उचलले. ल्युसीन दुप्पट.

माझी खरी चूक इथं आहे, आणि ती मी कधी वर्गात सांगितली नाही. त्या दिवशी फक्त ल्युसीन आणि त्याची भावंडं दुप्पट नव्हती. सगळीच अमिनो आम्लं दुप्पट होती. ग्लायसीन, सेरीन, अ‍ॅलानीन, सगळी. दूध चोरून पाजलं असतं तर त्या तिघांचीच टोकं चढली असती. उलट या आजारात ल्युसीन चढलं की अ‍ॅलानीन उतरतं, हे मीच शिकवत होतो. मी नीट पाहिलं असतं तर तो कागदच तिच्या बाजूनं बोलत होता. पण डॉक्टरबाईंनी तीन आकडे विचारले होते, मी तीनच वाचले.

डॉक्टरबाईंच्या खोलीत सगळे बसले होते. त्या मुलीच्या आईला म्हणाल्या, "खरं सांग, दूध वाढवलंस ना?"

"न्हाई बाई. वाटीच्या खुणंवर गेले न्हाई."

"शेंगदाणे? कोणी मटणाचा रस्सा?"

"न्हाई."

आजी म्हणाली, "रातच्याला पोरगी रडती तवा तूच उठतीस. अंधारात कोण बघतंय?"

आई माझ्याकडे वळली. "सायेब, तुमच्या त्या साक्षीदाराला इचारा की. तो काय म्हणतो?"

मी म्हणालो, "बाई, त्याच्याच जिवावर सांगतोय. तो खोटं बोलत नाही."

तिनं मान खाली घातली. आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

वाटी त्याच दिवशी आजीच्या ताब्यात गेली. मुलगी आजीजवळ झोपू लागली. डॉक्टरबाईंनी दूध आणखी कमी केलं. महिनाभरात मुलीच्या तोंडाभोवती आणि मांड्यांत कातडी सोलवटली, केस विरळ झाले, वजन अडलं. लागणारं ल्युसीनही तिला मिळत नव्हतं.

मधल्या काळात पुण्याहून सामान आलं. मी बऱ्याच दिवसांनी माझंच रक्त चालवायला घेतलं, सहज, जुन्याच बाटलीवर. आकडे पाहिले आणि आधी हसलो. त्या आकड्यांप्रमाणे मीच कसल्याशा आजाराचा रोगी होतो. सगळंच दुप्पट. मग हसू थांबलं. नवी भुकटी तोलून नवं द्रावण केलं, पुन्हा चालवलं. मी निरोगी निघालो.

मी जुना कागद काढून समोर ठेवला. मग जे पहिल्या दिवशी पाहायला हवं होतं ते पाहिलं.

मुलीचं पुढचं रक्त नव्या साक्षीदारावर चालवलं. ल्युसीन फारच खाली होतं. मी लगेच डॉक्टरबाईंकडे गेलो आणि म्हणालो, कमी पडतंय, दूध वाढवा. त्यांनी वाढवलं. मुलीची कातडी भरून आली, वजन धरलं. मुलीपुरतं मी निस्तरलं. मनाला तेच सांगत राहिलो.

पण त्या खोलीत मी उभा असतानाच डॉक्टरबाई आजीला म्हणाल्या, "बघा आजी, मूल तुमच्या हातात आलं आणि आकडा खाली आला." आजी सुनेकडे न बघता म्हणाली, "मला ठावंच हुतं." आई दाराशी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी काही बोलेन अशी तिला आशा होती, असं मला वाटलं. तोंड उघडायला तेवढाच वेळ लागला असता. मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात परत आणा," आणि बाहेर पडलो.

का बोललो नाही? संस्थेच्या मंडळींपैकी काही जण मशीन बंद करायला टपलेले होते. निवृत्ती जवळ आली होती. माझी चूक कळली असती तर आधीच्या प्रत्येक आकड्यावर शंका आली असती. ही कारणं खरी आहेत, पण हलकी आहेत. खरं कारण एवढंच की मी त्यांच्यासमोर मशीनचा फार तोरा मिरवला होता.

दिवाळीनंतर मेंढरं निघाली तेव्हा सुनेला नवऱ्यासोबत त्यांच्यामागं पाठवलं. मूल घरी. हे मला आजोबांनीच सांगितलं, रक्त द्यायला मुलीला घेऊन आले तेव्हा. "हितं ऱ्हायली की पोरीला पाजंल. तिकडं मेंढरं हायेत पाजायला." ते हसले नाहीत. मीही हसलो नाही. पुढच्या वर्षीही ती गेली, त्याच्या पुढच्याही. मग मी निवृत्त झालो आणि माझ्याकडे फक्त ती गोष्ट उरली. खरंतर वर्गात मी ती आधीच सांगू लागलो होतो. खोटी गोष्ट वारंवार सांगितली की ती आपल्याही अंगवळणी पडते. काही वर्षांनी मला ती सांगताना अडखळायलाही होत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात बायकोचा गुडघा दाखवायला एका दवाखान्यात गेलो. डॉक्टर माझाच विद्यार्थी. आमच्या आधी एक बाई होती, मुलाला साखरेचा आजार, तपासणीत साखर वाढलेली. ती म्हणत होती, मी गोड देत नाही. माझा विद्यार्थी मला पाहून खुलला आणि तिला म्हणाला, "हे आमचे सर. यांनीच सांगितलंय, आई खोटं बोलते, मशीन बोलत नाही. सर, सांगा ना ती दुधाची गोष्ट."

त्या बाईनं मान खाली घातली. तशीच.

"आज नको," मी म्हणालो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत तिलाही ठाऊक नव्हतं. ती ऐकून घेत गेली, गुडघ्याला तेल चोळत राहिली. पुढं महिनाभर मी रोज तोच विषय काढत होतो. शेवटी ती म्हणाली, "जायचं तर जा, आन् न्हाई तर माझं डोकं खाऊ नका. मला सांगून तिचं काय हलकं व्हणारंय?"

आधी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या आता मुलाकडे पुण्यात असतात. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी माझ्या शेजारी उभे होतात, सर." बस्स, एवढंच. त्यानंतर त्या विद्यार्थ्याला फोन केला. त्याला वाटलं, मी थट्टा करतोय.

मग वस्तीवर गेलो. पत्र्याच्या दोन खोल्या झाल्या होत्या, पुढं बाभळीखाली शेळ्या. आजोबा राहिले नव्हते. त्यांना सांगायचं राहून गेलं की त्यांचं खरं होतं, माझाही साक्षीदार फुटला, आणि त्याला चहासुद्धा लागला नाही. आजी बाजेवर बसलेली होती, डोळे बरे पण कान गेलेले. आई अंगणात घोंगडी झटकत होती; अलीकडं मेंढरांमागं जाणं तिनं सोडलं होतं. तिनं मला ओळखलं.

"सायेब? साक्षीदार बरा हाय न्हवं?" ती म्हणाली. सवयीनं म्हणाली की टोमणा मारला, मला कळलं नाही.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बाटली, उन्हाळा, गाळणी. ती निम्म्यात म्हणाली, "गाळलं?"

"हो."

"आमी बी गाळूनच पेतो," ती म्हणाली. मग मी तिला पुढचं सांगितलं, जे महत्त्वाचं होतं. मला महिनाभरातच कळलं होतं, आणि मी गप्प बसलो.

घोंगडी तिच्या हातातच राहिली. "कळलतं तुमाला? मी दारात हुते तवा?"

"हो."

तिनं घोंगडी दोरीवर टाकली, कडा सारख्या केल्या. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला कावून सांगता? मला ठावं हाय मी पाजलं न्हाई ते. आत्याला सांगा."

मी बाजेपाशी जाऊन सांगितलं. आजीनं कानामागं हात धरला. "आं?"

"मोठ्यानं बोला," आई मागून म्हणाली. "त्यांना ऐकू येत न्हाई."

मी आवाज चढवला. आजीला 'मशीन' एवढंच कळलं. "मशीन न्हाई घ्यायची आमाला, बाबा, शिलाई कुणाला येती हितं?"

"मशीन नाही आजी, चूक! माझी चूक झाली!"

"कुणाची?"

"माझी! सुनेनं दूध पाजलं नव्हतं!"

शेजारच्या पत्र्याखालून एक बाई डोकावली. रस्त्यावरून सायकल ढकलत जाणारा एक म्हातारा थांबला. माझा घसा बसत चालला होता. मी चाळीस वर्षं वर्गात बोललो, पण इतकं मोठ्यानं कधी बोललो नव्हतो. आई दोरीजवळच उभी राहिली. ती मला थांबवायला आली नाही, आणि मला ते बरोबर वाटलं.

"सुनेनं पाजलं नव्हतं! कुणीच पाजलं नव्हतं! आकडा खोटा होता! मला माहीत होतं, मी सांगितलं नाही!"

आजीनं कानामागचा हात खाली घेतला. मग म्हणाली, "वरडता कावून एवढं? ऐकलं की."

सायकलवाला म्हातारा हळूच पुढं निघाला. आजी बराच वेळ ओठ हलवत बसली, सुपारी चघळल्यासारखी, पण तोंडात काही नव्हतं. तेवढ्यात मुलगी शाळेतून आली. दारातून येते तेव्हा डोकं खाली घ्यावं लागेल इतकी उंच झाली आहे. थोडी सावकाश बोलते, पण तिच्या डोळ्यांत जाग आहे. दप्तर ठेवत ती आईला म्हणाली, "वहिनी, पाव्हणे कोण? चहा टाक की."

आईला ती वहिनी म्हणते. घरातले दीर म्हणायचे, तेच तिनं उचललं. आजीला माय म्हणते. हे मला तेव्हा कळलं.

आजी बाजेवरून उठली, भिंतीला धरत आत गेली आणि ती स्टीलची वाटी घेऊन आली. इतक्या वर्षांत घासून घासून तिच्यावरची खूण पुसट झाली होती. तिनं ती सुनेपुढं धरली. "घे. तू मोज."

आईनं वाटीकडे पाहिलं. हात पुढं केला नाही. "आता ती तिचं तीच मोजती, आत्या," ती म्हणाली.

मुलीनं आजीच्या हातातून वाटी घेतली, खुणेपर्यंत दूध भरलं, उजेडाकडं धरून पाहिलं आणि उभ्या उभ्याच पिऊन टाकलं. मग रिकामी वाटी आईकडं देत म्हणाली, "पाव्हण्यांचा चहा?"

"टाकते," आई म्हणाली आणि वाटी घेऊन आत गेली.

चहा काळा आला. मी तो संपवला. परत निघताना आई फाटकापर्यंत आली. मी म्हणालो, ती गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगितली त्यांच्यापर्यंत हे पोचवीन, लिहून काढीन. ती म्हणाली, "लिवा. पण पोरीला तुमीच सांगा, आज न्हाई, परत येऊन. मी सांगितलं तर तिला वाटंल, मी माझंच सांगतेय."

मी पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे. मुलीला मोठ्यानं सांगावं लागणार नाही. तिला सगळं नीट ऐकू येतं.